उजव्या बाजूचे केस

१२ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसलो आहे. आपलं सलून एक ते चार बंद असतं, आणि सध्या या तीन तासांत माझ्याशी बोलायला कुणी नाही. तुझी आई जेवण वाढते, ताट माझ्यापुढे सरकवते आणि आत निघून जाते. तुझा पत्ता चष्म्याच्या दुकानातल्या तुझ्या मैत्रिणीकडून काढला. तिला बोल लावू नकोस. मी काउंटरसमोर अर्धा तास नुसता उभा राहिलो, मागे गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा कुठे तिने चिठ्ठीवर लिहून दिला.

आता मुद्द्याचं. ताई, केसच होते ते. केसांबद्दल माझ्याहून जास्त कुणाला कळतं? महिन्याला अर्धं पेर वाढतात. वर्षभरात पुन्हा खांद्याला लागतील. एवढ्यासाठी कुणी बापाचं घर सोडून, पाच वर्षांची पोर काखेत मारून, परक्या गावात एका खोलीत जाऊन राहतं का? जावई बोटीवर, सहा महिने परत यायचे नाहीत. ते आले आणि त्यांनी विचारलं, माझी बायको-मुलगी कुठे आहे, तर मी त्यांना काय आरसा दाखवू?

झालं काय ते पुन्हा लिहितो, कारण त्या दिवशी तू ऐकूनच घेतलं नाहीस. तू कामावर होतीस. आई वर घरात होती. भिंगरी दुकानाच्या मागच्या खोलीत बाकावर झोपली होती. जागेपणी तिच्या केसांना कात्री लावायची सोय नाही, आणि मशीन नुसतं सुरू केलं तरी ती बेसिनखाली जाऊन बसते. केस डोळ्यांवर आले होते. मानेला घामोळं उठलं होतं. मी म्हटलं, झोपेत कापले तर पोरीला त्रास नाही आणि कामही होईल. मशीनला हातसुद्धा लावला नाही, नुसती कात्री. तिला पत्ता लागला नाही. उठली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

चाळीस वर्षांत माझ्या खुर्चीतून एकही मूल रडत घरी गेलेलं नाही. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकतो, पोराच्या हातात पाण्याची फवाऱ्याची बाटली देतो, आणि ते आरशातल्या मला भिजवत असतं तोवर माझं काम होतं. या चाळीस वर्षांचा तू एका संध्याकाळी निकाल लावलास.

तुला आधी विचारायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं. पण चुकीलाही काही माप असतं की नाही?

भिंगरीला गोड पापा. (ती पापा घेऊ देत नाही, माहीत आहे. पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.)

अप्पा


२७ मार्च

चि. ताई,

पंधरा दिवस झाले. उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते फाडलंस तरी किंवा वाचलंस तरी. वाचलंस असं धरून चालतो.

मागच्या वेळी मी लिहिलं की विचारायला हवं होतं. ते खोटं आहे. मी विचारलं होतं, आणि तू नाही म्हणाली होतीस. एकदा जिन्यात आणि एकदा जेवताना. जेवताना तू हातातला चमचा खाली ठेवून म्हणालीस, "अप्पा, तिच्या केसांचं काय करायचं ते मी बघेन. तुम्ही हात लावायचा नाही." मी मान हलवली होती. गिऱ्हाईक राजकारणावर बोलायला लागलं की मी जशी हलवतो, तशी.

फ्रिजवर तू तो कागद लावला होतास, थेरपिस्ट बाईंनी लिहून दिलेला. तो तू जाताना नेला नाहीस. परवा मी तो चष्मा लावून नीट वाचला. आधी कधी वाचला नव्हता, हेही कबूल करून टाकतो. मला वाटायचं, ऑटिझम म्हणजे पोर उशिरा बोलणार, त्यात वाचायचं काय. त्यात लिहिलं आहे की हिला कापडाची शिवण काट्यासारखी टोचते, हलका स्पर्श सहन होत नाही, पण घट्ट दाबून धरलं की बरं वाटतं. लिहिलं आहे की ट्यूबलाइटची घरघर आपण ऐकतही नाही, ती हिच्या कानात भरून राहते. आणि खाली तुझ्या अक्षरात: "केस कानांवर ओढून घेते तेव्हा तसंच राहू द्यावं. ते तिचं दार आहे."

मी हे रोज बघत होतो. गल्लीतून मोटारसायकल गेली की ती दोन मुठींत केस धरून कान झाकायची आणि टोकं वरच्या ओठावर फिरवत बसायची. मी म्हणायचो, काय घाणेरडी सवय लावली आहे.

का कापले तेही सांगतो. त्या सकाळी बँकेचे निवृत्त कॅशियर दाढीला बसले होते. भिंगरी दारातून डोकावली. ते आरशातून तिच्याकडे बघून म्हणाले, "काय हो, अख्ख्या गल्लीची डोकी तुम्ही सरळ करता आणि घरात हे जंगल?" दोघं-तिघं हसले. मीही हसलो. दाढी करताना हसायचं नसतं, हात हलतो. पण हसलो, आणि ते मनात सलत राहिलं. घामोळं वगैरे नंतर आठवलेलं आहे.

तू आल्यावर मी म्हणालो होतो, "बघ, कशी गोड दिसते." तू तिच्याकडे पाहिलंस आणि केराच्या डब्यापाशी खाली बसलीस. त्यात त्या दिवसाच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे केस होते. तू त्यातून तिचे वेगळे काढत होतीस. मी म्हणालो, "अगं, घाण आहे ती." माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्याला मीच घाण म्हणालो. तू काढत राहिलीस.

तुझी आई अजून बोलत नाही. एकदाच बोलली. म्हणाली, "तुम्ही तिचा केसानं गळा कापलात." लोक हे उठता-बसता म्हणतात. मी कात्री पुसत होतो, ती खाली ठेवावी लागली.

अप्पा


८ एप्रिल

ताई,

आज वेगळंच लिहितो. हसू आलं तर हस.

काल मी माझ्याच खुर्चीत बसलो आणि दुकानातल्या माझ्या जोडीदाराला म्हटलं, माझे केस काप, आणि मान झाडू नकोस. ब्रश नाही, पावडर नाही. तो म्हणाला, "अप्पा, बरं आहे ना तुमचं?" मी म्हटलं, काप. मग तोच शर्ट घालून कामाला लागलो. कॉलरमध्ये केसांचा चुरा. पहिला तास काही वाटलं नाही. दहा वाजेपर्यंत मान लाल झाली. अकराला एका भल्या माणसावर ओरडलो, का तर तो पेपरचं पान जोरात उलटतो. साडेअकराला मला रेडिओ सहन होईना. बारा वाजता मी मागच्या खोलीत जाऊन शर्ट फाडल्यासारखा काढला आणि नळाखाली मान धरली. दोन बटणं तुटली.

माझी कातडी तर साठी उलटलेली, राठ. मला शर्ट काढता आला. मला बोलता येतं.

नळाखाली वाकलेला असताना आठवलं की भिंगरीकडे सगळे मिळून सहा शब्द होते, आणि त्यातला एक माझ्यामुळे आला होता. हलका हात तिला चालायचा नाही, पण मी गिऱ्हाइकाचं डोकं मालिशच्या वेळी दोन्ही हातांनी दाबतो, ते ती दारात उभी राहून बघायची. एक दिवस गिऱ्हाईक नसताना आली, माझे दोन्ही हात पकडले आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवले. मी दाबलं. तिने डोळे मिटले. मी थांबलो तशी म्हणाली, "दाब." तुला हाक मारून सांगायला मी जिना धावत चढलो होतो, गुडघा दुखत असताना. तू पायरीवर बसून रडली होतीस.

मग रोज दुपारी दुकान बंद झालं की ती यायची. दाब. दाब.

पुढचं आज लिहिता येत नाही.

अप्पा


१५ एप्रिल

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. माझ्यासाठी नाही.

तू रविवारी आईला फोन करतेस. ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते. या रविवारी तिने लावलं नाही. मला ऐकू यावं म्हणून लावलं नाही, असं मला वाटतं. नंतर ती माझ्यासमोर बसून एका दमात बोलली. म्हणाली की पोर पाच आठवड्यांत धड झोपलेली नाही. खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेते आणि मान कलली की किंचाळून उठते. आडवी केली की तोंड निळं होईपर्यंत रडते. तुझाही हात डोक्याला लागू देत नाही. डॉक्टरांनी औषध दिलं, मग वाढवून दिलं. थेरपिस्ट बाईंना वाटतं की कानांवरचे केस गेले म्हणून तिला आवाज जास्त ऐकू येतात. म्हणून तुम्ही तिला कानटोपी घातली, मग टोपीला लोकरीचे धागे लावले. एकाचाही उपयोग नाही. काही शब्द बोलते का, असं मी विचारलं. आई म्हणाली, "एकही नाही."

बाई चुकीच्या जागी शोधत आहेत, ताई. आणि चूक त्यांची नाही. तिला झोपेत कळलंच नाही असं मी तुला सांगितलं, तू त्यांना सांगितलंस, त्यांनी त्यावर सगळं उभं केलं.

ती आपोआप झोपली नव्हती. मी झोपवली. ती रोजच्यासारखी आली आणि माझे हात डोक्यावर ठेवून म्हणाली, दाब. मी तिला बाकावर आडवं केलं आणि दाबत राहिलो. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ, डोळा लागेपर्यंत. मनात ठरवूनच बसलो होतो.

ती उजव्या कुशीवर होती. डावी बाजू झाली, मागची झाली. उजवी बाजू उशीवर दबलेली. ती कापायला डोकं वळवावं लागणार होतं. मी वळवलं आणि तिचे डोळे उघडले.

मी खरं सांगतो, ती रडेल असं वाटलं. रडली असती तर मी थांबलो असतो, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. ती रडली नाही. माझ्याकडे बघत होती. अंग लाकडासारखं ताठ झालं होतं, मुठी मिटलेल्या, पापणी हलत नव्हती. कात्री माझ्या हातात तिच्या कानाजवळ होती.

आणि मी उजवी बाजू पूर्ण केली.

अर्धं डोकं सोडायची मला सवय नाही. एक बाजू लांब, एक आखूड, असं काम माझ्या हातून कधी बाहेर गेलेलं नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात हे होतं, ताई. माझी नात माझ्याकडे बघत होती आणि मी दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघत होतो. पाच मिनिटं लागली असतील. सगळा वेळ तिचे डोळे उघडे होते. संपल्यावर मी म्हणालो, "झालं, झालं." आणि तुला सांगितलं, पत्ता लागला नाही.

म्हणजे तिला केस गेल्याचं दुःख असेल, पण ती झोपेला घाबरते ती वेगळ्या कारणाने. आडवं झालं, डोकं कुणाच्या हातात दिलं, डोळे मिटले, की काय होतं ते तिला ठाऊक झालं आहे. तिला बोलता येत नाही म्हणून ती सांगू शकली नाही. मला येतं, आणि मी पाच आठवडे गप्प राहिलो. तू मला काय समजशील याची भीती वाटत होती. तेवढ्यासाठी पोरीला औषधं वाढवून दिली गेली.

हे पत्र बाईंना वाचून दाखव. शब्दही गाळू नकोस. माझं काय करायचं ते तू ठरव. तोंड दाखवू नका म्हणालीस तर दाखवणार नाही. बोलावलंस तर पहिल्या गाडीने येईन, तिच्यापासून लांब उभा राहीन.

अप्पा


१० मे

चि. ताई,

तुझं पत्र मिळालं. आईने ते माझ्या हातात दिलं आणि यावेळी ताट सरकवून गेली नाही, समोर बसली. मी चार वेळा वाचलं. मग तिने माझ्याकडून घेऊन मोठ्याने वाचलं.

तू लिहिलंस, "अप्पा, बाईंना वाचून दाखवलं. आता आम्ही तिचा पलंग कोपऱ्यात लावला आहे. डोक्याच्या बाजूला भिंत, मागून कुणी येऊ शकत नाही. मी तिच्या डोळ्यांसमोर बसते, दोन्ही हात तिला दिसतील असे ठेवून. डोक्याला कुणी हात लावत नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं आडवी झाली. काल सलग पाच तास झोपली. औषध कमी केलं."

एवढं वाचून तुझ्या आईने कागद खाली ठेवला आणि पदराने तोंड झाकलं. मी उठून दुकानाचं शटर उघडलं आणि पुन्हा बंद केलं. काय करावं सुचत नव्हतं. पाच तास.

पुढचं तू लिहिलंस ते मला पाठ झालं आहे. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून ती झोपली. ते मी विसरणार नाही. तुम्ही काय केलंत तेही विसरणार नाही. तुम्ही येऊ नका. परवा शेजारच्या काकांच्या अंगाला दाढीच्या साबणाचा वास आला तर ती माझ्या मागे लपली आणि त्या दिवशी झोपली नाही. कधी या, ते मला सांगता येत नाही. कदाचित कधीच नाही."

ठीक आहे. नाही येणार. मी बॅग भरून ठेवली होती, ती आज रिकामी केली. तो वास माझ्या कातडीत मुरलेला आहे, कितीही आंघोळ केली तरी जायचा नाही, आणि ती माणसाला वासावरून ओळखते हे त्या कागदावरही होतं. मी हट्टाने आलो, तर तिचे पाच तास जातील. माझ्या भेटीचं मोल तेवढं नाही. हे मी तोंड वाकडं करून लिहीत नाही, ताई. मला यायचं आहे. एवढं यायचं आहे की दुपारी एक वाजला की हात आपोआप वर जातात, कुणीतरी येऊन पकडेल म्हणून. तरी येणार नाही.

आईला मात्र बोलाव. ती साबण वापरत नाही दाढीचा. माझ्या या विनोदावर ती हसली, तुला कळावं म्हणून लिहिलं. ती आली की दोन महिने राहू दे. माझं इथे जोडीदार बघेल.

आता तू शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर. तू लिहिलंस, "झोपण्याआधी ती रोज माझे हात उघडून बघते. तळवे, बोटं, सगळं. रिकामे आहेत हे दिसलं तरी सोडत नाही. माझी मनगटं धरून कुरत्याची बाही ओढत बसते, कधी कधी तासभर. बाईंनाही कळत नाही ती काय शोधते."

हे मी मागच्या पत्रात गाळलं होतं. त्या पत्रात सगळं लिहिलं असं वाटून मी जरा हलका झालो होतो, तरी हे एक मागे ठेवलं होतं.

उजवी बाजू झाल्यावर मी कात्री माझ्या पांढऱ्या कोटाच्या बाहीत सरकवली. मग दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले आणि म्हणालो, "बघ बाळा, काही नाही." ती आधी हातांकडे बघत राहिली, मग बाहीकडे.

तेव्हा तिला झोपवताना तू बिनबाह्यांचं काहीतरी घालत जा.

अप्पा